बारा व्होल्टच्या बॅटरीवर एकोणीस व्होल्टचा लॅपटॉप

कारच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवायचा असेल तर बॉनेट नंतर उघडा. आधी लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर उलटा करा आणि खालचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. इनपुटची ओळ सोडून द्या. आउटपुटसमोर १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर असं काहीतरी असेल. गुणाकार केला की ६५ वॅट. पुढचं सगळं गणित या आकड्यांवर चालतं: व्होल्ट किती हवेत आणि जास्तीत जास्त किती वॅट खेचले जाणार. साध्या लॅपटॉपचे अ‍ॅडॅप्टर बहुधा ४५, ६५ नाहीतर ९० वॅटचे असतात, व्होल्टेज १९ ते २०च्या आसपास. गेमिंग लॅपटॉपचे १८०, २४० वॅट आणि त्याहूनही वर जातात. तेवढा लोड लायटरच्या सॉकेटवर टाकायचाच नसतो, म्हणून त्यांना इथे बाजूला ठेवतो.

आता बॅटरी. तिला १२ व्होल्टची म्हणतात ते नावापुरतं. पूर्ण चार्ज होऊन काही तास स्वस्थ पडलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा जनरेटर) तेच १३.८ ते १४.४ वर नेतो. स्टार्टर फिरतो त्या क्षणी ती ९-१० व्होल्टपर्यंत आपटते, थंडीत आणि जुन्या बॅटरीत त्याहूनही खाली. म्हणजे आपल्याला असं काहीतरी हवं की ज्याला एका बाजूने ११ मिळोत की १४.४, दुसऱ्या बाजूने १९.५ व्होल्ट हलता कामा नयेत.

‘लॅपटॉपची आतली बॅटरीही अकरा-बारा व्होल्टचीच असते, मग थेट का नाही जोडायची?’ हा प्रश्न हमखास येतो. तीन सेलचा पॅक पूर्ण भरला की १२.६ व्होल्ट होतो, चार सेलचा १६.८. लॅपटॉपमधलं चार्जिंग सर्किट बाहेरून आलेलं व्होल्टेज खाली उतरवून पॅकला देतं. उतरवायचं तर बाहेरचं जास्त हवं. त्यामुळे अ‍ॅडॅप्टरच्या पिनमध्ये १२ व्होल्ट दिले तर बहुतेक लॅपटॉप त्याची दखलही घेत नाहीत, चार्जिंगचा दिवा लागत नाही. त्यावर उपाय म्हणून दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २५ व्होल्ट देणारे महाभागही असतात. ते करू नका. १९.५च्या इनपुटला २५ दिले की लॅपटॉपचा पहिला बळी बहुधा इनपुटचा मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) असतो, आणि तो एकटा जाईल याची खात्री नसते.

काही छोट्या लॅपटॉपांचा अ‍ॅडॅप्टर मात्र खरोखर १२ व्होल्टचा असतो. तेही थेट बॅटरीला लावायचे नाहीत. इंजिन चालू असताना तिथे १४.४ असतात आणि वरून स्पाइक येतात. मध्ये ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर टाकला की झालं.

इन्व्हर्टर: सोपा पण लांबचा रस्ता

सगळ्यांच्या मनात पहिला येतो तो इन्व्हर्टर. १२ व्होल्टचे २३० करा, त्यात नेहमीचा अ‍ॅडॅप्टर लावा. चालतं, नक्की चालतं. पण बघा काय होतं: १२चे २३० केले, अ‍ॅडॅप्टरने २३०चे पुन्हा १९.५ केले. प्रत्येक चढउतारात दहा-पंधरा टक्के उष्णता होऊन गेले. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, काहीही न लावता, तरी पाच-सहा वॅट खातो.

लॅपटॉप ३० वॅटवर चालतोय असं धरा (टायपिंग, ब्राउझर, मध्यम ब्राइटनेस). इन्व्हर्टरवाटे बॅटरीतून साधारण ४० वॅट जातात, म्हणजे ३.३ अँपिअर. सरळ डीसी कन्व्हर्टर (२३०चा वळसा न घेता १२चे थेट १९.५ करणारा) लावला तर ३३ वॅट, २.७५ अँपिअर. बॅटरीतून १० अँपिअर-अवर काढायची मुभा असेल तर एकीकडे तीन तास, दुसरीकडे तीन तास चाळीस मिनिटं. गाडी चालू असताना या फरकाचं काही वाटत नाही. उभ्या गाडीत तोच फरक टोचतो.

इन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर ६५ वॅटच्या अ‍ॅडॅप्टरसाठी १५० वॅटचा घ्या. १०० वॅटचा कागदावर पुरतो, पण अ‍ॅडॅप्टर लावल्या क्षणी त्यातला मोठा कपॅसिटर भरायला जोरात करंट खेचतो आणि छोटा इन्व्हर्टर ओव्हरलोड समजून बंद पडतो. असं होत असेल तर क्रम उलटा करून बघा: आधी अ‍ॅडॅप्टर लावा आणि मग इन्व्हर्टरचं बटण दाबा. ज्या इन्व्हर्टरचं व्होल्टेज हळूहळू चढतं, त्यात हा धक्का निघून जातो. १५० वॅटच्या वरचे इन्व्हर्टर लायटरच्या सॉकेटवर लावायचे नाहीत. ते जाड वायर आणि लगने (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्याने) थेट बॅटरीलाच जोडायचे.

स्वस्त इन्व्हर्टर ‘मॉडिफाइड साइन’ देतात, म्हणजे खरं तर पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी वेव्ह. लॅपटॉपचे लहान अ‍ॅडॅप्टर ती सहसा पचवतात, थोडे गुणगुणतात, थोडे जास्त तापतात. ७५ वॅटच्या वरच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये बहुधा पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, आणि अशा वेव्हवर ते कधी कुरकुरतं, कधी चालूच होत नाही. ९० वॅटचा अ‍ॅडॅप्टर असेल तर प्युअर साइन (घरच्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा) घ्या, नाहीतर इन्व्हर्टरचा नाद सोडा. माझं मत विचाराल तर दुसरं.

सरळ डीसी चार्जर

लायटरमध्ये जाणारा, १२चे सरळ १९.५ करणारा कार अ‍ॅडॅप्टर हा लांब पिनवाल्या जुन्या लॅपटॉपांसाठी सगळ्यात सुटसुटीत पर्याय. घेताना तीन गोष्टी जुळवायच्या. व्होल्टेज: अर्ध्या व्होल्टचा फरक चालतो, १९च्या लॅपटॉपला १९.५ किंवा १९.५च्या लॅपटॉपला २० दिले तर काही बिघडत नाही. करंट: लेबलवर आहे तेवढा किंवा जास्त. जास्त असला तर नुकसान नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच घेतो. कमी असला तर चार्जर तापतो नाहीतर बंद-चालू होत राहतो. आणि पिन. ५.५ बाय २.५, ४.५ बाय ३.०, ७.४ बाय ५.०, ४.० बाय १.७ अशा मिलिमीटरच्या मापात ती येते. ५.५ बाय २.१ची पिन ५.५ बाय २.५च्या जागी बाहेरून अगदी तशीच दिसते, पण आत जात नाही. उलट केलं तर जाते, पण ढिली बसते आणि हलली की ठिणगी पडते.

पिन बसली म्हणजे काम झालं असंही नाही. डेलच्या पिनच्या मधोमध एक बारीक तार असते. तिच्यातून अ‍ॅडॅप्टरमधली छोटी चिप लॅपटॉपला सांगते, मी इतक्या वॅटचा. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही पाडतो. अ‍ॅडॅप्टर ओळखता आला नाही असा संदेश स्क्रीनवर येतो तो यामुळेच. एचपीच्या मधल्या पिनलाही असंच काम आहे. लेनोव्होच्या चौकोनी पिवळ्या पिनमध्ये ओळख पटवायला एक रेझिस्टर बसवलेला असतो. तेव्हा दहा पिनांचा संच घेऊन येणारा ‘युनिव्हर्सल’ चार्जर सगळ्यांना चालेल असं धरून चालू नका. चार्जिंगची टक्केवारी प्रत्यक्ष वाढताना दिसली की मगच तो आपल्या लॅपटॉपचा.

टाइप-सी असेल तर बरंच सोपं

नव्या लॅपटॉपांमध्ये टाइप-सीवरून चार्जिंग असतं आणि तिथे वरची सगळी पिनांची भानगड संपते. पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी, या पद्धतीत चार्जर आणि लॅपटॉप आपसात ठरवतात: ५, ९, १५ की २० व्होल्ट. लॅपटॉपला बहुधा २० लागतात. त्यामुळे कार चार्जर घेताना पाठीवरच्या मोठ्या ‘१०० वॅट’ला भुलू नका, बाजूचं बारीक लिहिलेलं वाचा. तिथे एकाच पोर्टसमोर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर हवेत. पुष्कळ चार्जरांचे १०० वॅट म्हणजे एका पोर्टचे ६५ आणि दुसऱ्याचे ३५. काहींमध्ये तर दुसऱ्या पोर्टला फोन लावला की पहिला पोर्ट ६५ वरून ४५ वर येतो. त्या बदलाच्या वेळी लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं. तो दोष नसतो, वाटणी पुन्हा होत असते.

इथे केबल फसवते. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच मान्य असते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे जायला ५ अँपिअरची, आत ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली केबल लागते. ६५ वॅटचा चार्जर आणि ६५ वॅटचा लॅपटॉप असूनही ‘स्लो चार्जर’चा संदेश येत असेल तर आधी केबल बदला. आणि लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो चार्जिंगचा आहेच असं नाही. काहींचा फक्त डेटाचा असतो. पोर्टशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह, नाहीतर मॅन्युअल, दोन्हींपैकी एक बघून घ्या.

हाताने जोडायचं असेल तर

बूस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे व्होल्टेज चढवणारा, बोर्ड घेऊन स्वतः चार्जर करता येतो. फक्त बोर्डावरचे आकडे जपून वाचायचे. एक्सएल६००९ चिपचा छोटा निळा बोर्ड ‘४ अँपिअर’ म्हणून विकला जातो. ते ४ अँपिअर आउटपुटचे नव्हेत, चिपमधल्या स्विचचे. आउटपुटला ६५ वॅट हवे असतील तर इनपुटला बॅटरीतून ६ अँपिअर यायला हवेत. म्हणजे हा बोर्ड सुरुवातीलाच बाद. वीस-एक वॅटपर्यंत त्याची खरी झेप. ६५ वॅटसाठी ‘१५० वॅट’ लिहिलेला, दोन हीटसिंकवाला बोर्ड घ्या आणि त्याच्याकडून निम्म्याहून कमीच काम करून घ्या.

जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत १० अँपिअरचा (लाल) ब्लेड फ्यूज, मग २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, मग बोर्डाचं इनपुट. मायनसही तेवढ्याच जाडीच्या वायरने बॅटरीपर्यंत आणा. फ्यूज बॅटरीजवळच का, तर तो बोर्डासाठी नसून वायरसाठी असतो. फ्यूज बोर्डापाशी लावला आणि वायर मध्येच कुठे पत्र्यावर घासून सोलली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही.

लॅपटॉप अजून जोडायचा नाही. आउटपुटला मल्टिमीटर लावा आणि निळ्या पोटेन्शिओमीटरचा (व्होल्टेज कमी-जास्त करायचा भाग, थोडक्यात पॉट) पितळी स्क्रू फिरवा. दहा-पंधरा आटे फिरवूनही आकडा हलत नाही म्हणून पुष्कळ जण बोर्ड खराब समजतात. हा पॉट वीस-पंचवीस आट्यांचा असतो आणि बहुधा एका टोकाला नेऊन ठेवलेला येतो. फिरवत राहा. १९.५ आले की थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी तो सरकतो.

आता लोड. लॅपटॉपला गिनिपिग करण्याआधी इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे चार फिलामेंटवाले बल्ब घ्या. दोन-दोन सिरीजमध्ये जोडून दोन जोड्या करा आणि त्या जोड्या पॅरलल. १९.५ व्होल्टवर हे सगळं मिळून साधारण ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅट घेतं. दोन्ही जोड्या एकदम लावू नका. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट खेचते आणि बोर्ड अडखळतो. एक जोडी उजळली की दुसरी. अर्धा तास चालू ठेवा. व्होल्टेज १९.५ वरून ०.२-०.३ पेक्षा जास्त हललं नाही आणि कॉइल किंवा हीटसिंकपाशी जळका वास नाही, तर बोर्ड पास. बंद डब्यात ठेवणार असाल तर हीच परीक्षा डब्यात घ्या. उघड्यावर पास झालेले बोर्ड डब्यात नापास होतात.

या स्वस्त बोर्डांची एक खोड माहीत हवी. बूस्टमध्ये इनपुटपासून कॉइल आणि डायोडमधून आउटपुटपर्यंत सरळ वाट असते. बोर्ड बंद पडला तरी आउटपुटला बॅटरीचे १२ व्होल्ट येतच राहतात, आणि आउटपुट शॉर्ट झालं तर बोर्ड ते थांबवू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे पॉटचा सांधा तुटला तर काही बोर्ड व्होल्टेज सुसाट वर नेतात, ३०च्याही पुढे. म्हणून आउटपुटला ५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्यानंतर, लॅपटॉपच्या बाजूला, प्लस-मायनसमध्ये २२ व्होल्टचा टीव्हीएस डायोड टाका. व्होल्टेज वर गेलं की डायोड ते दाबून धरतो, स्वतः शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. एवढंसं काम असूनही घरगुती जोडण्यांमध्ये हे दोन भाग क्वचितच दिसतात. इनपुटलाही एक मोठा टीव्हीएस असावा, कारण चालत्या इंजिनावर बॅटरीची पट्टी सुटली तर अल्टरनेटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट व्होल्टचा झटका देतो.

दर दोन सेकंदांनी लुकलुकणारा दिवा

हा सगळ्यात जास्त भेटणारा बिघाड, आणि बहुतेक वेळा चार्जर बदलून तो जात नाही. लक्षण असं: चार्जर लावला, लॅपटॉपवर चार्जिंगचं चिन्ह आलं, गेलं, आलं, गेलं. फोन मात्र त्याच सॉकेटवर व्यवस्थित चार्ज होतो.

कारण वायरमध्ये आहे. ६५ वॅटचा लोड म्हणजे बॅटरीकडून ६ ते ७ अँपिअर. बॅटरीपासून सॉकेटपर्यंत आणि पुढे चार्जरपर्यंत ३ मीटर वायर धरली तर जाऊन-येऊन ६ मीटर. ७ अँपिअरला या लांबीत ०.७५ स्क्वेअर एमएमची वायर जवळपास १ व्होल्ट खाते, १.५ची अर्धा व्होल्ट, २.५ची ०.३ व्होल्ट, ४ची ०.२पेक्षा कमी. बाजारू एक्स्टेन्शन केबलमध्ये बऱ्याचदा अर्ध्या स्क्वेअर एमएमचीच तार असते, तिथे हेच नुकसान १.४ व्होल्ट होतं. शिवाय लायटर प्लगच्या टोकावरची स्प्रिंग आणि बाजूच्या पत्र्या. त्या कधीच घट्ट बसत नाहीत, आणखी पाव-अर्धा व्होल्ट तिथे जातो.

इंजिन बंद, बॅटरी १२.३ वर, वाटेत दीड व्होल्ट गेले: चार्जरला मिळाले १०.८. बऱ्याच चार्जरांचा कट-ऑफ १०.५ ते ११च्या दरम्यान असतो. चार्जर बंद झाला. बंद झाला की करंट शून्य, वायरमधलं नुकसान शून्य, व्होल्टेज परत १२.३. चार्जरला वाटलं सगळं ठीक, तो सुरू झाला, लॅपटॉपने लोड घेतला आणि पुन्हा १०.८. दिवा लुकलुकतो तो या फेऱ्यामुळे. त्यात भर म्हणजे चार्जर वॅट कायम ठेवतो. व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो, करंट वाढला की वायर आणखी व्होल्टेज खाते.

तपासायला मल्टिमीटर पुरे. लोड चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, मग चार्जरच्या जितक्या जवळ सुई टेकवता येईल तिथे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वाटेत आहे. दहा मिनिटांनी प्लग उपसून टोकाला हात लावून बघा. चटका बसला तर सांधा ढिला आहे. इंजिन चालू केल्यावर लुकलुकणं थांबलं तर निदान पक्कं: १४ मधून दीड गेले तरी १२.५ उरतात. एक्स्टेन्शन काढून टाका, किंवा बॅटरीपासून वेगळी २.५ची लाइन ओढून तिला लायटर सॉकेटऐवजी एक्सटी६०सारखा घट्ट बसणारा कनेक्टर लावा.

सॉकेटचा फ्यूज गाडीप्रमाणे १०, १५ किंवा २० अँपिअरचा असतो. ६५ वॅटचा डीसी चार्जर १० अँपिअरवरही आरामात चालतो. फ्यूज उडत असेल तर मोठा टाकायचा नाही. त्या सॉकेटमागची वायर जुन्या फ्यूजच्याच हिशेबाने घातलेली असते.

बॅटरीतून किती काढायचं

गाडीची बॅटरी स्टार्टरसाठी बनवलेली असते. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून भरून घ्यायचे, एवढंच तिचं काम. आत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, आणि खोल डिस्चार्ज त्यांना सोसत नाही. ४५ एएच (अँपिअर-अवर) लिहिलं आहे म्हणून ४५ मिळणार नाहीत. स्वस्थ पडलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. गाडी नक्की सुरू व्हायला हवी असेल तर १२.४च्या खाली जायचं नाही. म्हणजे ४५ एएचमधून हाताशी १०-११. चार वर्षं चाललेल्या बॅटरीत याच्या निम्मेच धरा.

१० एएच म्हणजे १२० वॅट-अवर. त्यात ३० वॅटने साडेतीन तास काम होतं. किंवा ५० वॅट-अवरची लॅपटॉपची रिकामी बॅटरी पूर्ण चार्ज होते. सगळे तोटे धरून तिला बॅटरीतून साठ-पासष्ट वॅट-अवर लागतात, आणि मग तेवढेच उरतात. मोठी चूक होते ती दोन्ही एकदम करण्यात. रिकामा लॅपटॉप लावून वर कामही सुरू केलं की चार्जर पूर्ण ६५ वॅट ओढतो. पावणेदोन तासांत तुमचे १० एएच संपले. उभ्या गाडीत काम करायचं असेल तर लॅपटॉप भरलेला घेऊन बसा, आणि सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. रिकामा लॅपटॉप गाडी चालत असताना भरायचा.

मोजताना दोन गोष्टी फसवतात. इंजिन बंद केल्यावर लगेच मोजलं तर १२.८-१२.९ दिसतात. ते प्लेटांवरचं वरवरचं चार्ज, खरी पातळी दोन-तीन तासांनी कळते. आणि लोड चालू असताना आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ३ अँपिअरच्या लोडवर १२.२ दिसले की थांबा, हा व्यवहारातला नियम. इन्व्हर्टरच्या अलार्मवर विसंबू नका. तो ११च्या खाली ओरडतो आणि १०.५ किंवा त्याहून खाली बंद होतो. तो आकडा इन्व्हर्टरच्या सोयीचा आहे. तोवर स्टार्टर फिरवण्याची ताकद केव्हाच गेलेली असते. सतत लक्ष ठेवायचं नसेल तर लो-व्होल्टेज कट-ऑफचं मॉड्यूल मध्ये टाका: १२.१ला बंद, १२.८ला चालू. दोन्ही आकड्यांमध्ये एवढं अंतर ठेवलं नाही तर तेही लुकलुकायला लागतं.

किल्ली अ‍ॅक्सेसरीवर ठेवूनच सॉकेट चालू होत असेल तर म्युझिक सिस्टीम, तिची स्क्रीन आणि ब्लोअर बंद करा. ही मंडळी मिळून लॅपटॉपइतकाच करंट खाऊ शकतात.

इंजिन नुसतं चालू ठेवून लॅपटॉप भरणं हा वेडगळ सौदा आहे. चाळीस-पन्नास वॅटसाठी छोटं पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर जाळतं. आणि बंद गॅरेजमध्ये तर हा विचारही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो, वासही नसतो.

हे वरचेवर लागणार असेल तर स्टार्टर बॅटरीला हात न लावता वेगळी डीप-सायकल (खोल डिस्चार्ज सोसणारी) बॅटरी ठेवा. त्यातली अर्धी क्षमता बिनधास्त वापरता येते. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर ८० टक्के. वजनही निम्म्याहून कमी, आणि व्होल्टेज शेवटपर्यंत १३च्या आसपास टिकून राहतं, त्यामुळे वायरमधल्या नुकसानीची डोकेदुखीही कमी. लेड-अ‍ॅसिड असेल तर वापरानंतर त्याच दिवशी १४.४ व्होल्टवर भरून ठेवा. अर्धवट रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि मग ती चार्जरवर लगेच ‘फुल’ दाखवते पण लोडवर दहा मिनिटं टिकत नाही.

राहिलेलं थोडंसं

लॅपटॉप चार्जिंगला आणि त्याच वेळी ऑक्स केबलने गाडीच्या स्पीकरला जोडला तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. दोन्हींचा मायनस दोन वाटांनी जुळतो, त्यातून अल्टरनेटरचा आवाज शिरतो. ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावा किंवा ब्लूटूथ वापरा.

इंजिन सुरू करताना चार्जर उपसून ठेवा. चांगला चार्जर तो झटका सहन करतो, पण प्रत्येक वेळी त्याची परीक्षा कशाला घ्यायची. ट्रकची किंवा बसची बॅटरी २४ व्होल्टची असू शकते, तिथे लावण्याआधी चार्जरवर १२-२४ लिहिलंय ना, ते बघा.

बॅटरीला चिमटे लावून काम करणार असाल तर आधी प्लस, मग मायनस. काढताना आधी मायनस. मायनसचा चिमटा शक्यतो बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा, कारण जोडताना ठिणगी पडते आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो. चिमट्यांच्या वायरचं दुसरं टोक चार्जरला आधीच जोडलेलं असू द्या. ते मोकळं लोंबत राहिलं तर प्लस कुठल्या पत्र्याला कधी लागेल, सांगता येत नाही.